सिस्टरांचा सायलेन्सर

सिस्टर कुणालाही माफ करत नसत. ही त्यांची निंदा नाही. नव्या माणसाशी ओळख होताना त्या स्वतःच सांगून टाकत, "मी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर होते. हात स्वच्छ, जीभ तिखट आणि माफी नाही." मी पुण्याहून नोकरीसाठी ऑकलंडला आलो आणि त्यांच्या मनुरेवातल्या घरात मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी हे वाक्य मला चहाबरोबर मिळालं होतं. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने, म्हणजे इकडच्या वाण्याने, एकदा त्यांना शिळा पाव ताजा म्हणून दिला होता. तेव्हापासून त्या लांबच्या दुकानातून पाव आणायच्या आणि ती पिशवी त्याला नीट दिसेल अशा हातात धरून मुद्दाम त्याच्या दारावरून घरी यायच्या. पाऊस असो, वारा असो, रस्ता बदलायचा नाही. पुढे त्याने दुकान विकलं. सिस्टर त्या दिवशी शिरा करून बसल्या होत्या. "अगं, रिटायर झाला तो," नाना म्हणाले. "मी केला," सिस्टर म्हणाल्या.

नाना म्हणजे त्यांचे यजमान. या बाईशेजारी देवाने तोल सांभाळायला ठेवलेला माणूस. टेबलाला पाय लागला तरी "सॉरी हं" म्हणणारा. ते मूळचे नाशिककडचे, पेनरोजच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर दोघांनी शहराबाहेर क्लीव्हडनच्या पुढे दोन एकरांचा तुकडा घेतला, तिथेच राहायला गेले, आणि एका हिवाळ्यात नानांनी तिथे द्राक्षाच्या काड्या लावल्या. मी खड्डे खणायला गेलो होतो. गुडघ्यावर बसून एकेका काडीभोवती माती दाबत नाना म्हणाले, "मला फार नको रे निखिल. आपल्या हातचा एक घड हिने खाल्ला की झालं." सिस्टरांना द्राक्षं जीव की प्राण होती. तो हिवाळा सरायच्या आत नाना झोपेतच गेले. त्यांच्या मागे राहिल्या सिस्टर, न्यू लिनला राहणारी मुलगी केतकी आणि त्या काड्या.

वसंतात काड्यांना कोंब फुटले. सिस्टर रोज सकाळी चहाचा कप घेऊन रांगेतून हिंडायच्या, वॉर्डात राउंड घेतात तशा. एका सकाळी मला फोन आला. "ये," एवढंच म्हणाल्या. जाऊन बघतो तर सशांनी कोंब खाल्ले होते, आणि तेवढ्यावर न थांबता काड्यांची साल गोल कुरतडून काढली होती. सगळी रांग गेली. टोकाला पंपाच्या शेडजवळ एकच वेल वाचली होती. पोटासाठी खाल्लं म्हणावं तर सभोवती गुडघाभर हिरवं गवत होतं! मला आजही त्या सशांचा राग येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी बिलकूल इच्छा नाही.

केतकीने फोनवर सोपा उपाय सांगितला. "आई, सिंपल आहे गं, त्या वेलीला जाळी लाव ना. हीप्स ऑफ ऑप्शन्स आहेत."

"जाळी म्हणजे बचाव," सिस्टर म्हणाल्या. "मला बचाव नकोय."

त्यांना बंदूक हवी होती. आयुष्यात अंडंसुद्धा न फोडलेली ही बाई बंदुकीच्या लायसन्सचा अभ्यास करायला लागली. सेफ्टीचा कोर्स केला, परीक्षा दिली, भिंतीला बोल्ट मारून लोखंडी कपाट बसवून घेतलं. ओळखीचा माणूस म्हणून माझं नाव दिलं होतं, त्यामुळे माझीही मुलाखत झाली. समोरच्या बाईंनी मोठ्या गोडीने विचारलं, यांचं कुणाशी वैर वगैरे? माझ्या डोळ्यांसमोर डेअरीवाल्यापासून सगळी मंडळी येऊन गेली. "माणसांशी नाही," मी म्हणालो, आणि ते तसं खरंच होतं. माणसांना त्या फक्त पिशव्या दाखवत.

पहिला बार मी कानांवर हात ठेवून पाहिला. पॉइंट ट्वेंटी-टू म्हणजे बंदुकांमधलं बारकं पोर, पण त्या शांत खोऱ्यात त्याने चांगलाच दणका दिला. एक ससा पडला, बाकीचे बिळात, आणि शेजाऱ्यांचा म्हातारा घोडा थेट कुंपणाला जाऊन धडकला. पुढे कित्येक दिवस एकही ससा दिसला नाही. सिस्टर अस्वस्थ झाल्या. शेजाऱ्यांकडे लाडू घेऊन जाऊन घोड्याची विचारपूस करून आल्या आणि मला म्हणाल्या, "एक पडला हे दुसऱ्याला कळता कामा नये. आणि माझे कान मला शेवटपर्यंत हवेत. गाडी काढ, सायलेन्सर घ्यायचाय."

पेनरोजला बंदुकांचं दुकान होतं. काउंटरवर दाढीवाला, धिप्पाड, गोड माणूस. "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला आणि त्याने माझ्याकडे बघत विचारलं, "सो, व्हॉट आर यू आफ्टर?" शिकार कसली, असं त्याला म्हणायचं होतं. उत्तर सिस्टरांनी दिलं. "द वन्स हू डिड इट." त्या माणसाने मग पूर्ण वेळ त्यांच्याशीच बोलणं पसंत केलं.

मी घरून तयारी करून गेलो होतो. आयटीतला माणूस, दुसरं काय करणार? दोन रात्री इंटरनेटवर बसून सगळ्यात जास्त आवाज दाबणारा सप्रेसर, म्हणजे सायलेन्सरच, शोधून काढला होता. तोच आधी मागवला. लांब, जाडजूड नळकांडं होतं, मोठ्या रायफलींना लावतात तसलं. सिस्टरांनी रिकाम्या बंदुकीला तो बसवून खांद्याला लावला. नळीचं तोंड हळूहळू जमिनीकडे गेलं. "निखिल, हा तुझ्या लग्नात वाजव," त्या म्हणाल्या आणि काढून ठेवला. दुसरा अगदी हलका, छोटा, चकचकीत काळा. मला आवडला. सिस्टरांनी तो कानापाशी हलवला, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हा उघडतो कुठून?" उघडत नाही, दुकानदार म्हणाला, सीलबंद आहे. ट्वेंटी-टूच्या गोळीचं शिसं मऊ, वर मेणाचा थर, त्यामुळे सप्रेसरच्या पोटात घाण साचत जाते, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. "जे उघडून धुता येत नाही ते मी हातात धरत नाही," सिस्टर म्हणाल्या.

तिसरा त्यांनी घेतला. बेताच्या वजनाचा, आतल्या चकत्या एकेक करून बाहेर निघणारा. तिथेच काउंटरवर त्यांनी तो पूर्ण खोलला, चकत्या ओळीने मांडल्या, पुन्हा भरला. दुकानदार टाळी वाजवायचाच बाकी होता. त्याने धीम्या गोळ्या वापरायला सांगितल्या, म्हणजे वाटेत हवा फुटल्याचा फटकाही होत नाही. आणि जाताना बजावलं, "तो सरळ बसलाय की नाही ते दरवेळी बघा. किंचित तिरका बसला तर गोळी आत घासेल आणि भलतीकडे जाईल." "मला शिकवतोय," सिस्टर गाडीत पुटपुटल्या. हा अपमानसुद्धा कुठेतरी नोंदला गेला असणार.

मग त्यांनी खरा सूड सुरू केला. संध्याकाळी ओट्यावर खुर्ची, मांडीवर शाल, शालीवर बंदूक, मागे मातीचा चढ. आवाज म्हणाल तर फळीवर बोट टिचकावल्याएवढा. एक ससा कलंडायचा आणि शेजारचा गवत चघळत राहायचा. सिस्टरांना त्यातच समाधान होतं. मेलेला ससा त्या टाकून देत नसत. उरलेल्या त्या वेलीच्या आळ्याबाहेर खोल खड्डा करून पुरायच्या. "खाल्लंय ना? आता परत करा," असं खड्ड्यात बघून म्हणायच्या. मी फावडं धरून उभा असायचो. सांगायला हरकत नाही, मलाही बरं वाटायचं. वेल जोमाने वाढली. फक्त एक थोराड, जाड मानेचा ससा काही सापडत नव्हता. सगळ्यांच्या मागे, टप्प्याच्या बाहेर तो निवांत बसायचा. सिस्टरांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. पहिल्या रात्री टोळी घेऊन हाच आला होता, अशी त्यांची खात्री होती. पुरावा काही नव्हता. त्यांना लागतही नसे.

पुढच्या वर्षीचा दसरा आला. इकडे तो ऐन वसंतात येतो. नाना असताना दसऱ्याला पान्हे, ड्रिल, लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या असं सगळं पाटावर मांडून पूजा करत. त्या वर्षी मी सोनं म्हणून आपट्याऐवजी फिजोआ या इकडच्या फळझाडाची पानं घेऊन गेलो, तर पाटावर नानांचे पान्हे होते आणि मधोमध रिकामी बंदूक. शेजारी सायलेन्सर, सुटा, झेंडूच्या फुलावर उभा केलेला. सिस्टरांनी पाण्यात कालवलेली हळद आणि कुंकू सगळ्यांना लावलं. सायलेन्सरला तर अगदी तोंडापाशी, आट्यांवर, आतून-बाहेरून, लग्नातल्या कलशाला लावावं तसं भरघोस. जन्मभर निर्जंतुक हातांनी वावरलेली बाई, पण पूजेतली हळद म्हणजे घाण असं तिच्या मनात येणार तरी कसं? "नाना, आज मुकादम," त्या हात जोडून म्हणाल्या.

संध्याकाळी मी ओट्यावर त्यांच्यामागेच उभा होतो. त्यांनी सायलेन्सर वरून पुसला आणि पिळून बसवला. आत वाळलेली हळद बसली होती, तिने तो पुरता बसू दिला नाही. शकुनाच्या दिवशी वाकून तपासायचं त्यांना सुचलं नाही. आणि मुकादम आला. टप्प्याच्या आत, वेलीपासून हातभर अंतरावर येऊन बसला. एरवी वेलीजवळ त्यांनी कधीही नेम धरला नव्हता. पण त्यांचा नेम आता पक्का होता, हातभर जागा त्यांना पुष्कळ होती, आणि दसरा होता.

आवाज नेहमीपेक्षा जरा खरखरीत आला. वेल मधोमध तुटली आणि कोवळ्या पानांसकट खाली आली.

मुकादम दचकलासुद्धा नाही. त्याला काही ऐकूच गेलं नव्हतं, इतका उत्तम सायलेन्सर सिस्टरांनी निवडला होता. तो दोन उड्या मारून पुढे आला आणि पडलेली पानं खायला लागला. मी ओरडत धावलो तेव्हा कुठे पळाला.

परत आलो तर सिस्टर आत टेबलाशी बसल्या होत्या. सायलेन्सर खोलून चकत्या ओळीने मांडलेल्या. शेवटच्या चकतीच्या भोकाला ताजा ओरखडा होता आणि आट्यांत पिवळा-लाल पापुद्रा. त्या रडल्या नाहीत. दुकानदाराला, सशाला, मला, कुणालाही काही बोलल्या नाहीत. मला ते पाहवेना. निदान मला तरी चार शिव्या घाला, असं मी म्हणालो. "तू काय केलंस?" त्या म्हणाल्या. "केलंय मी. बघते मी तिच्याकडे."

ती म्हणजे त्या स्वतः. आणि त्यांनी पाहिलंच. बंदूक दुकानाला परत दिली, जमीन विकायला काढली, केतकीच्या न्यू लिनच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. मोकळ्या रानातली ही बाई तिथे काचेच्या बाल्कनीत बसून बसगाड्या बघायची. आणि त्यांनी द्राक्षं सोडली. काशीला जाऊन लोक आवडतं फळ सोडून येतात, तशी कायमची. सुपरमार्केटात द्राक्षांच्या रांगेपाशी त्या मान वळवून चालायच्या. "आई, इट वॉज अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट," केतकी सांगून थकली. मी तर भांडलो त्यांच्याशी. नानांनी एका मिनिटात माफ केलं असतं, म्हणालो. "म्हणून तर मला करता येत नाही," त्या म्हणाल्या.

जमिनीचे नवे मालक भले लोक होते. तुटलेल्या वेलीचा बुंधा ठेवा, मी येऊन बघत जाईन, असं मी त्यांना विनवलं. "स्वीट अ‍ॅज," म्हणाले, म्हणजे खुशाल. मी बुंध्याभोवती जाळी ठोकली, अगदी साधी, हार्डवेअरच्या दुकानातली. खालून फुटवा आला, वाढला, मांडवावर चढला. सशांना तिथे काही मिळालं नाही. मुकादमाचं काय झालं ते मला ठाऊक नाही. पण मरताना त्याला त्रास झाला असावा, अशी माझी प्रामाणिक आशा आहे.

काही उन्हाळे गेले आणि एक घड धरला. लहानसा, विरळ, जाड सालीचा. मी तो ओल्या रुमालात गुंडाळून न्यू लिनला नेला. सिस्टर तोवर फार थकल्या होत्या, पलंगावरच असायच्या. मी रुमाल उघडला. सांगायची गरज पडली नाही.

त्यांनी घडाकडे हात नेला. मग हात मागे घेतला. "सोडलीत मी."

मला इतका राग आला. इतकी वर्षं खपून मी आणलं होतं, नानांनी जे मागितलं तेवढंच, आणि ही बाई अजून स्वतःला सोडत नव्हती! मी बोललो तेही. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "तू खा. इथे, माझ्यासमोर. एकही टाकायचं नाही."

मी खाल्ली. आंबट ढाण होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते आंबटपणाचं नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. शेवटचा मणी मी मुद्दाम हळूहळू खाल्ला. हातात नुसता हिरवा देठ उरला, तो मी रुमालात ठेवायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तो दे इकडे."

"सिस्टर, तुम्ही तर..."

"द्राक्षं सोडलीत मी. देठ नाही सोडला."

त्यांनी देठ तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी कप धुवून परत आलो तरी तो तोंडातच होता.