उलटे खांब

महायुद्धाच्या लढाईमुळे छपराला लोखंडी पत्रे मिळेनात, म्हणून दोंडाईच्याजवळच्या आमच्या मळ्यात कुडाचाच गोठा उभारायला डोंगराकडचा एक म्हातारा आला. नाव विचारायचं राहूनच गेलं. सागाचा खांब तो शेंडा खाली, बुंधा वर असा गाडायचा आणि बैलाच्या पाठीवर मारावी तशी त्यावर थाप मारायचा.

"आबा, उलटं लावताय!" मी म्हणालो.

तो खदखदून हसला. "भाऊ, सुलटा गाडा तं त्याले वाटस, आपण आजून झाडच शे. मंग पाणी पेस नि सडस."

मी हट्टानं एक खांब सुलटा लावायला लावला. त्यानं हसत लावला; शेजारच्या कुडात मात्र दोन जाड बांबू जास्त ठोकले.

काही वर्षांनी नेमका तोच खांब कुजला. छप्पर जागचं हललं नाही. माझ्या शहाणपणाला म्हाताऱ्यानं त्याच दिवशी टेकू देऊन ठेवला होता.