किरणांच्या खोलीबाहेरची खुर्ची

नातीला सातवा महिना लागलाय. ती वजनकाट्यावर चढली की नातजावई वाकून आकडा वाचतो, आणि या वयातही माझा जळफळाट होतो. माझ्या वेळी माझं वजन कुणी विचारलं नाही. पण खरं सांगायचं तर मीही तेव्हा उंदरिणींचीच वजनं विचारत होते.

मी प्रयोगशाळेत होते. गाभण उंदरिणींवर किरणांचा मारा झाला की त्यांच्या खाल्ल्या अन्नाचं पुढे काय होतं, हे आम्ही तपासायचो. मला दिवस गेल्याचं कळताच सरांनी मला किरणांच्या खोलीबाहेर खुर्चीवर बसवलं आणि माझे पिंजरे, वही, खोलीची किल्ली, सगळं माझ्यासोबत काम करणाऱ्या कुमुदला दिलं. मी जळून खाक!

"सातव्या पिंजऱ्यातली कशी आहे गं?" मी तिला दारातच अडवायची.

"खातेय, पण अंगी लागत नाही. रक्तातली साखर रोज वरखाली होतेय. तू जेवलीस का?"

"माझं राहू दे. माझ्या वहीत नीट लिहितेस ना?"

मला बाहेर का काढलं, ते त्याच वहीत माझ्याच अक्षरात पानोपानी लिहिलेलं होतं. एवढी हुशार बाई, पण स्वतःच्या पोटापुरती अक्कल नव्हती.

कुमुदच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. एकदा माझे टोमणे ऐकून ती थांबली आणि माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, "किल्ली हवीय ना? घे. मला तुझी ही खुर्ची दे."

मी शहाणी म्हणाले, "घे की! पण सांभाळून बस, एक पाय डुगडुगतो तिचा."