कच्चा ताव

मामाच्या भट्टीपाशी बोलायचं नाही, हा त्या घरातला सगळ्यात जुना नियम. तापल्या लोखंडावर मामा छोट्या हातोडीने जिथे टिचकी मारेल, तिथे मामीचा घण पडायचा. हातोडी आडवी ठेवली की थांबायचं. उभ्या संसारात दोघांचं एवढं एकमत दुसऱ्या कशावरच झालं नसेल. घरात मामी त्याच्या प्रत्येक शब्दाला उलट उत्तर देते, पण भट्टीपाशी तिच्या तोंडाला कुलूप.

मामा सुऱ्या करतो. पोलादाच्या आणि मऊ लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून, ठोकून त्यांचं एकजीव पातं करायचं. ताव, म्हणजे लोखंड किती तापलं ते, ओळखायचं नुसत्या रंगावरून, आणि रंग नीट दिसतो तो अंधारात, म्हणून खिडकीला कायम गोणपाट. पिवळा रंग पांढऱ्याकडे झुकला की पट्ट्या बाहेर. जरा आधी काढल्या तर थर सांधत नाहीत, जरा उशीर झाला तर पोलाद जळतं.

त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाल्या निघाल्या तो मामीला म्हणाला, "अगं, तुझे केस इतके पांढरे कधी झाले?" मामी दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. पण तेव्हापासूनच त्याची पाती उकलायला लागली. दोष कोळशाचा, थर सांधायला वर टाकतात त्या टाकणखाराचा, हवेचा. त्याचा सोडून सगळ्यांचा.

नेमकी त्याच दिवसांत माझ्या बाबांची सुरी मोडली. बाबा आचारी होते, मीही आचारीच. ती सुरी मामानेच त्यांना करून दिली होती आणि बाबांच्या मागे त्यांची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू माझ्याकडे राहिली होती. मामा म्हणाला, "आण इकडे. हेच पोलाद नव्या पात्यात घालतो." नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. मला त्याचा राग आला होता आणि माझा त्याहून जास्त.

त्याने बाबांच्या सुरीचे तुकडे केले, पट्ट्यांमध्ये रचले, तारेने आवळले, वर टाकणखार भुरभुरवला. भट्टीच्या पंख्याची मूठ मी फिरवत होते. गठ्ठा लाल झाला, नारिंगी झाला, मग पिवळा. मामाने तो चिमट्याने ऐरणीवर घेतला आणि टिचकी मारली.

घण पडला नाही.

मामाने पुन्हा टिचकी मारली, जोरात. मामी घण खांद्यावर घेऊन तशीच उभी.

"कच्चं आहे," ती म्हणाली.

भट्टीपाशी तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"मार! गार होतंय!"

"नाही मारणार. थर एकदा सरकले की संपलं. पोरीच्या बापाचं आहे ते."

"पांढरं दिसतंय मला! तुला काय कळतं?"

"माझं राहू द्या. नवा डोळा झाका आणि जुन्याने बघा."

मला वाटलं, आता हा चिमटा भिरकावतो. पण त्याने हातोडीच्या हाताचं मनगट डोळ्यावर धरलं. काढलं. पुन्हा धरलं. त्याचा चेहरा उतरला. वर्षानुवर्षं त्याने पिवळट पडद्यातून ताव ओळखला होता. पडदा गेला आणि कच्चा तावही त्याला पांढरा दिसायला लागला.

गठ्ठा परत भट्टीत गेला. एक डोळा झाकून मामा बघत होता. एक ठिणगी उडाली. पोलाद जळायला लागलं की ठिणग्या उडतात, एवढं मलाही ठाऊक होतं. ओरडावंसं वाटत होतं.

"आता!" दोघं एकदमच म्हणाले.

टिचकी, घण, टिचकी, घण. आधी बसका येणारा आवाज हळूहळू भरीव झाला. मामाने हातोडी आडवी ठेवली. गार झाल्यावर त्याने कड घासून पाहिली. कुठेही फट नव्हती. मी तिथेच रडले.

मामा मात्र खुश नव्हता. "दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नको. हा पडदाही गेला की माझं कामच गेलं," तो म्हणाला. इतका घाबरलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"गुपचूप करून घ्या," मामी म्हणाली. "रंग मी सांगेन."

"तू?"

"मग इतकी वर्षं समोर घण घेऊन उभी होते, ती काय भिंत बघत होते?"

ऑपरेशन झालं. बाबांचं पोलाद रोज माझ्या हातात असतं. आणि मामा आता टिचकी मारायच्या आधी थांबतो, मान वर करतो आणि विचारतो, "बघ गं, झाला का?"