गाळलेला परिच्छेद

आमच्या वस्तीत आत्याला लोक चेहऱ्याआधी आवाजावरून ओळखायचे. रेडिओवर संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा आणि त्यात एक वहिनी असायची. बियाणं, लसीकरण, सासूची कुरकुर, सगळ्यावर ती आपल्या बोलीत बोलायची. ती वहिनी म्हणजे आत्या. लकडगंजात सरपण आणायला गेली की वखारवाला मान वर न करता विचारायचा, "काय वहिनी, आज सासू काय म्हणते?"

"तुले लाकडं मोजता येत नाही म्हणते," आत्या म्हणायची.

तिची सुरुवात वस्तीतल्या जयंतीच्या स्टेजवर झाली. नाटकापायी नवऱ्यानं सोडलं, तेव्हापासून ती आमच्याकडे राहायची. पुढे ती स्पर्धेतल्या नाटकांतून दिसू लागली आणि तिथूनच रेडिओवर गेली. घरात ती, आई, मी आणि बाबा. बाबा रेल्वेत गार्ड होते, दोन दिवस गाडीवर आणि एक दिवस घरी. त्यांनी मला हट्टानं कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. बाकावर उभं राहण्यापेक्षा गप्प बसणं बरं, हे मी लवकर शिकले, आणि ती सवय घरापर्यंत आली. आत्या मात्र सगळ्यांना सांगायची, "आमची पोरगी इंग्रजी फडाफडा वाचते."

मी चौदा वर्षांची असताना मुंबईची एक सिनेमा कंपनी कळमेश्वरच्या पुढच्या एका गावात शूटिंगला आली. त्यांना नायकाची आई हवी होती, मोठ्या घरातली, चार प्रसंगांपुरती. आत्याला घेतलं. रेडिओवर तिनं दोन महिन्यांची सुट्टी मागितली. तिथल्या साहेबांनी दिली, पण बजावलं की दोन महिन्यांनी येणार की नाही ते नक्की सांगा, वहिनीची जागा रिकामी ठेवता येणार नाही.

शूटिंग संपलं आणि काही दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. टाइप केलेलं, इंग्रजीत. बाबा गाडीवर होते. आत्यानं हात पुसले, पाटावर बसली आणि पत्र माझ्या हातात दिलं. आई तांदूळ निवडत होती.

पहिल्या परिच्छेदात होतं की सिनेमा दिवाळीनंतर लागेल. ते मी सांगितलं. दुसरा मी आधी मनात वाचला. दिग्दर्शकांच्या मते बाईंचं बोलणं गावंढळ आहे, घरंदाज स्त्रीच्या तोंडी ते शोभत नाही, म्हणून त्यांचे संवाद दुसऱ्या कलाकाराच्या आवाजात घेण्याचा विचार आहे. बाईंना स्वतः शुद्ध भाषेत प्रयत्न करायचा असल्यास याच महिन्याच्या वीस तारखेपर्यंत मुंबईच्या स्टुडिओत यावं, दोन दिवस दिले जातील.

"काहून थांबली वं?" आत्या म्हणाली. "खराब लिवलं हाय का?"

'गावंढळ'साठी तिथं जो इंग्रजी शब्द होता, तो आमच्या बाई वर्गात एका मुलीला म्हणायच्या. ती मुलगी मीच होते. तो शब्द आत्याच्या तोंडावर मराठीत सांगायचा मला धीर झाला नाही. आणि वीस तारखेचं मी मनात धरलंच नाही. शुद्ध बोलणं आत्याला कुठून येणार, असं मला वाटलं.

"तुझं काम चांगलं झालं म्हणतात," मी म्हणाले. मग तिसरा परिच्छेद वाचला. त्यात शुभेच्छा होत्या.

"एवढंच? कागद तं भरलेला दिसते."

"इंग्रजीत लांब लिहितात."

आत्या हसली, घडी घालून पत्र ट्रंकेत ठेवलं. बाबा आले तेव्हा तिनं त्यांना तोंडीच सांगितलं. त्यांनीही पत्र मागितलं नाही. पोरीनं वाचलं होतं. त्या आठवड्यात ती रेडिओवर जाऊन आली. आता सिनेमातून बोलावणं येईल, तुम्ही दुसरी वहिनी पाहा, असं साहेबांना सांगून आली. मी दारात उभी होते. तेव्हाही सांगता आलं असतं. वीस तारखेला अजून नऊ दिवस होते.

सिनेमा सीताबर्डीवर लागला. आत्यानं वस्तीतल्या अकरा बायकांना दुपारच्या खेळाला नेलं. पडद्यावर ती आली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं तोंड उघडलं आणि कुणीतरी भलतीच बोलली. बारीक, गोड, नाकातून येणारा आवाज. टाळ्या थांबल्या. चारही प्रसंग तसेच गेले. मी तिच्या शेजारी होते. अंधारात ती पडद्याकडे पाहत राहिली आणि तिचे ओठ हलत होते.

बाहेर आल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "आवाज बसला होता का वं तुहा?"

"हो. सर्दी झाली व्हती," आत्या म्हणाली.

"सर्दी नोहे," मागून एकजण म्हणाली. "सिनेमात गेली अन् पुण्याची झाली." बायका हसल्या. आत्याही हसली.

घरी आल्यावर तिनं लुगडंही बदललं नाही. ट्रंक उघडली, पत्र माझ्यासमोर धरलं.

"आता सगळं वाच."

मी वाचलं. तो शब्दही सांगितला. आईनं चुलीपुढून मान वळवली नाही.

"तारीख किती व्हती?"

"वीस."

"दोन दिवस देत व्हते?"

"हो."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिच्या त्या प्रसंगातलं बोलणं तिनं बोलून दाखवलं, मुलगा घर सोडून जातो तिथलं. एकही हेल नाही, एकही शब्द इकडचा नाही. पडद्यावरच्या बाईपेक्षा स्वच्छ. आमच्या शाळेतल्या कुठल्याही बाईंपेक्षा स्वच्छ. मी तिचं तसं बोलणं त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं, कारण तिला तसं बोलायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"वीस वर्षं नाटकं केली," ती म्हणाली. "राणी झाली, वकिलीन झाली. मले येत नाही असं तुले काहून वाटलं?"

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन रेडिओवर गेली. साहेबांनी चहा मागवला. नवी वहिनी लोकांना आवडली आहे, पत्रं येतात, म्हणाले. कार्यक्रमात आता सासूचं पात्र आणायचं ठरत होतं, पंधरवड्यातून एकदा. आत्या तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती.

"तिकडचं कसं झालं काम?" साहेबांनी विचारलं.

"मलेच जमलं नाही जी," आत्या म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. "सासू कधीपासून करायची?"