एकतीस की चाळीस मीटर

१७ नोव्हेंबर २०१६ रोजी आमच्या संस्थेच्या खात्यात ४६,८०० लेई जमा झाले. मंजुरी मार्चमधली. वर्ष संपायच्या आत खर्च झाले नाहीत तर पैसे परत जाणार होते. ते आमच्या भूकंपशास्त्रज्ञ सावेता गोंतेआ यांच्या बोअरसाठी होते: रोमानियातल्या व्रान्चाच्या डोंगरात चाळीस मीटर खोल भोक आणि तळाशी भूकंपमापक.

व्रान्चाखाली शंभराहून अधिक किलोमीटरवर खडकाचा एक जाड पट्टा बुडतो आहे. तो वरच्या थराला अजून चिकटून आहे की तुटला, या एका प्रश्नावर सावेताबाईंची नोकरी सरत आली. निधीच्या अर्जात 'लाभार्थी' असा रकाना असतो. मी संस्थेचा हिशेबनीस; मी म्हणायचो, "बाई, भूकंपाचा अंदाज असं लिहा, पैसे लगेच सुटतील."

"अंदाज तुम्हीच सांगा, तुमचा ताळेबंद तरी जुळतो," असे म्हणून त्या लिहायच्या, 'अद्याप माहीत नाही.'

बोअर चाळीस मीटर हवे होते, कारण त्याहून वर गावातल्या लाकडाच्या गिरण्यांची थरथर यंत्रात शिरते. पण खोदणारा इलारियोन, गावात सगळ्यांचा नेआ, म्हणजे काका, एकतीसवर थांबला. वीस डिसेंबरचा इग्नातचा सण आला होता. त्या दिवशी डुक्कर कापायचे, दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. काम पूर्ण झाल्याचा कागद घेऊन आम्ही पोहोचलो तेव्हा तो अंगणात पेटत्या काडावर डुक्कर भाजत होता. कागद दुसऱ्या दिवशी कोषागारात द्यायचा होता.

"नेआ इलारियोन, नऊ मीटर राहिलेत," सावेताबाई म्हणाल्या.

"आज? इग्नातला? डॉक्टरबाई, बायको मला या डुकराशेजारीच भाजेल! चाळीस लिहा, मी सही करतो. उरलेलं बर्फ वितळलं की करून देतो. खाली उतरून मोजतंय कोण?"

मी बाईंना बाजूला घेतले. "पैसे परत गेले की 'खर्च करता येत नाही' असा शेरा बसतो. पुढच्या वर्षी निधी कापतात. माणूस शब्दाचा पक्का आहे. लिहून टाका चाळीस."

"अहो, यंत्र याच आठवड्यात बसतंय. हिवाळाभर प्रत्येक नोंदीपुढे खोली छापली जाणार. आरंभीची शिल्लक खोटी धरून तुम्ही वर्ष उघडाल का?"

मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एकतीस लिहिले.

इलारियोनच्या बायकोने तळलेल्या मांसाच्या आणि मामालिगाच्या, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीच्या, थाळ्या पुढे केल्या. "खा हो बाई, खरं बोललं म्हणून काही उपाशी राहायचं नसतं!"

१०,५३० लेई परत गेले. पुढच्या वर्षी सावेताबाईंचा निधी निम्म्यावर आला. मे महिन्यात त्यांनी यंत्र वर काढले आणि उरलेले नऊ मीटर स्वतःच्या पगारातून, हप्त्याने खोदून घेतले. यंत्र आता चाळीस मीटरवर आहे. पट्ट्याचे उत्तर मिळालेले नाही. इलारियोनचे शेवटच्या हप्त्यातले ६३० लेई द्यायचे राहिले आहेत.