माशाच्या पाठीचा टप

१९४६ साल. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. लढाईत लॉरी चालवून घरी आलो आणि मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तवा एक लहान ट्रक घेतला. मागं उघडा हौदा. माझं बघून चुलतभावानंही तसलाच घेतला. दोघंही कराडकडचा गूळ सांगलीच्या पेठेत पोचवायचो.

पण त्यानं हौद्यावर लाकडी टप, म्हणजे बंद छप्पर, बसवून घेतला. पुढं केबिनला भिडलेला, मागं उतरता, माशाच्या पाठीसारखा. वारा त्यावरून सरकून जायचा. माझी ताडपत्री मात्र फुगून गाडीला मागं ओढायची, आणि पेट्रोल तर परमिटावर. तो मजेत पुढं निघून जाई. एकदा बायको म्हणाली, "भावजींची गाडी फेटा बांधल्यावाणी दिसती. आपली बोडकी." त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही.

त्यातच सांगलीचा अडत्या म्हणाला, "औंदा हंगामाचा सगळा गूळ एकाच गाडीला देणार. पुढल्या सोमवारी ज्याचा माल आधी आन् चांगला येईल, त्याची गाडी."

शाळा मी दुसरीपर्यंतच केली, पण रंधा धरता येतो. सुताराला बोलावलं नाही. भावाला माप विचारणं तर मेलो तरी जमलं नसतं. आंब्याच्या फळ्या भिजवून, जाळावर शेकून वाकवल्या. होडीचे बुजवतात तसे सगळे सांधे राळ आणि तेलानं बुजवले. आत मुंगी शिरायची सोय ठेवली नाही.

सोमवारी गुऱ्हाळावर पहिला मी पोचलो. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, अजून ऊन होते. गूळ शिजवणारा म्हणाला, "आवं, निवू द्या की जरा."

"तुझं निवंपातुर त्यो पुढं जाईल," म्हणालो. तसेच भरले, मागचं दार घट्ट लावलं आणि निघालो.

गाडी लय पळाली. भाऊ वाटेत कुठं दिसलाच नाही. सांगलीत मी छाती काढून उतरलो.

दार उघडलं तर तोंडावर वाफ आली. टपाला आतनं घाम सुटलेला, थेंब गुळावर गळत होते. रवे चिकटून एकमेकांच्या गळ्यात पडलेले. तेवढ्यात भाऊ आला. त्याचा गूळ खडखडीत कोरडा. बघतो तर त्याच्या टपाला मागं, छताखाली, दोन बोटांची फट ठेवलेली.

"दादा, गुळाला आंघुळ घातली व्हय?" तो म्हणाला. अडत्यासकट सारी पेठ हसली. हंगाम त्याला मिळाला. मग तो माझे रवे सोडवायला वाकला.

"हात लावू नगंस," म्हणालो.

आधी मी पोचलो होतो. हे आजही कुणीही विचारावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी करवत घेतली आणि टपाला चार बोटांची फट पाडली. मग भाऊ माल भरायला निघायच्या आत रिकामाच ट्रक काढला आणि त्याच्या दारावरनं सांगलीच्या रस्त्याला लागलो.