उरणसमोर उभं जहाज आणि बीअरचे भाव

मंडळी, मी उरणचा आणि आज उरणसमोरच अडकलोय. आमचं जहाज नांगर टाकून उभं आहे, पण उतरायची परवानगी नाही. मोबाईलला रेंज मात्र फुल्ल!

जहाजावर दारूबंदी, म्हणून जेवताना गप्पा बीअरच्याच. युक्रेनचा इंजिनिअर म्हणाला, "आमच्याकडे पाण्याच्या भावात मिळते." फिलिपिन्सचा कूक म्हणाला, "आम्ही त्यात बर्फ टाकतो." त्यावर इंजिनिअर असा भडकला की विचारू नका. नॉर्वेत तर भाव बघून मीच एकदा कॉफी मागवली होती.

"तुझ्या गावात कितीला?" दोघांनी विचारलं.

मला सांगताच येईना. गावात मी बीअर कधी घेतलीच नाही. बाबा पहाटे माडावर चढून माडी उतरवतात, तीच आम्ही पितो. सकाळी गोड असते, दुपारपर्यंत आंबते.

तेवढ्यात बाबांचाच फोन. "किनाऱ्यावर आलोय. तुझं जहाज कुठलं रं?"

मी डेकवर धावलो आणि शर्ट काढून हलवला. "दिसलो का?"

"दिसलास," ते लगेच म्हणाले. एवढ्या लांबून दिसणं शक्यच नाही. "माडी आणली व्हती. आता मीच पितो."

उरणकर, बीअर कितीला मिळते हो आपल्याकडे? इंजिनिअर अजून विचारतोय.